इंटर्नशिपच्या फाइलमध्ये मर्ज झालेला एक बदल मागा : इंजिनिअरिंग कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्राचार्य, कॉम्प्युटर व आयटी विभागांचे प्रमुख आणि ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कॉलेजांतले तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी उन्हाळ्यात सॉफ्टवेअर टीममध्ये इंटर्न म्हणून येतात, तेव्हा त्यांना काम नेमून देणारे, त्यांचा कोड वाचणारे आणि शेवटी तुमच्या फॉर्मवर सही-शिक्का करणारे आम्ही मेंटॉर. हे पत्र त्या फॉर्मबद्दल आहे. त्यात हजेरीचा रकाना असतो, शिस्तीचा असतो, ‘संवादकौशल्य : उत्तम / चांगले / साधारण’ असंही असतं. विद्यार्थ्याने लिहिलेला कोणता बदल खऱ्या प्रॉडक्टमध्ये गेला, हे विचारणारी ओळ मात्र बहुतेक फॉर्मांत नसते.

आमचं मागणं एवढंच आहे. आठ आठवडे संपताना विद्यार्थ्याचा किमान एक बदल, कितीही छोटा असो, टिकेटपासून (काम किंवा चूक नोंदवलेली चिठ्ठी) सुरू होऊन टेस्ट आणि रिव्ह्यूमधून (सहकाऱ्याने कोड वाचून तपासणं) जाऊन मुख्य ब्रँचमध्ये (प्रॉडक्टच्या कोडची सामाईक प्रत) मर्ज, म्हणजे सामील, झालेला असावा आणि कॉलेजने गुण त्यावर द्यावेत. त्यासाठी काय लागतं, काम कुठे अडतं आणि त्यातलं तुमच्या हातात काय आहे, ते पुढे लिहितो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप हा श्रेयांकाचा विषय झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इतरत्रही तिचं वजन वाढलं. हे चांगलंच झालं. पण श्रेयांक आले की फाइल आली, फाइल आली की सर्टिफिकेट आलं, आणि विद्यार्थ्याचा जीव सर्टिफिकेटच्या तारखा, लेटरहेड आणि स्पायरल बाइंडिंगमध्ये अडकतो. जे मोजलं जातं तेच मुलं करतात, यात त्यांचा दोष नाही.

एका छोट्या बदलात शिकण्यासारखं किती असतं, हे एका टिकेटवरून दाखवतो. असं टिकेट इंटर्नला द्यायला फार चांगलं. ‘रात्री बारानंतर नोंदवलेली पावती आदल्या दिवसाच्या अहवालात दिसते.’ बस, एक ओळ.

विद्यार्थ्याने आधी ही चूक स्वतःच्या मशीनवर घडवून आणायची. १४ जूनला रात्री १ वाजून १० मिनिटांची पावती टाकायची आणि डेटाबेसमध्ये काय साठलं ते बघायचं. तिथे १३ जून, १९:४० दिसतं. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून. अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी काढणारी आज्ञा, त्या साठलेल्या वेळेतून थेट तारीख काढते, त्यामुळे पावती १३ तारखेत जाऊन बसते. म्हणजे चूक रात्री १२ ते पहाटे ५:३० या पट्ट्यातच दिसते. दिवसा ऑफिसात बसून टेस्ट करणाऱ्याला ती सापडत नाही.

आता दुरुस्ती. बहुतेक विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सुचतं ते साठवताना साडेपाच तास मिळवून टाकणं. तसं केलं की नव्या नोंदी एका पद्धतीच्या आणि जुन्या दुसऱ्या पद्धतीच्या होतात, आणि त्याच टेबलवरून वाचणारी दुसरी स्क्रीन वेळ पुढची दाखवू लागते. दुसरा पर्याय सुचतो सर्व्हरचा टाइमझोन बदलण्याचा. त्याने त्या सर्व्हरवरची बाकीची कामं बिघडतात. साठलेला डेटा बरोबरच आहे, चूक वाचण्यात आहे, हे कळायला एखादा दिवस जातो आणि तो दिवस सत्कारणी लागतो. मग विद्यार्थी क्वेरीत साठलेली वेळ भारतीय वेळेत बदलून तारीख काढतो. उत्तर बरोबर येतं. पण रिव्ह्यू करणारी लिहिते, ‘कॉलमवर फंक्शन लावल्याने इंडेक्स (नोंदी चटकन शोधायची सूची) वापरला जाणार नाही, लाखो ओळींवर अहवाल रेंगाळेल.’ मग तिसरी आवृत्ती : १४ जूनचा भारतीय दिवस म्हणजे यूटीसीत १३ जून १८:३० पासून १४ जून १८:३० च्या आधीपर्यंत. ही दोन टोकं आधीच काढायची आणि कॉलम जसाच्या तसा त्यांच्याशी ताडायचा. टेस्ट चार वेळांच्या : २३:५९, ००:००, ०५:२९ आणि ०५:३०. शेवटी बदललेल्या ओळी दहा-बारा, टेस्टच्या तीसेक. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याला चार-पाच दिवस लागतात, आणि लागू द्यावेत.

या टिकेटच्या शेजारी ‘ई-कॉमर्स वेबसाइट’ नावाचा, लॉगिनपासून कार्टपर्यंत सगळं असलेला पण कुणीच न वापरणारा प्रोजेक्ट ठेवून बघा. त्यात हजारो ओळी असतात, ब्लॅकबुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) जाड होतं आणि यातला एकही प्रश्न विद्यार्थ्यासमोर येत नाही. वापरणारं कुणी नसलं की चूक कळवणारंही कुणी नसतं.

आता अडचणींकडे येतो. पहिली अडचण कॅलेंडरची. आठ आठवडे म्हणजे कामाचे ४० दिवस. त्यातले पहिले पाच अकाउंट, परवानग्या आणि मशीन तयार करण्यात जातात. शेवटचे तीन हस्तांतराचे : काय केलं, काय राहिलं, कुठे काय लिहिलंय. सुट्ट्या दोन-तीन. उरतात जेमतेम तीस. त्यात मधेच ओरल पुढे ढकलली जाते, परीक्षेचा फॉर्म ‘प्रत्यक्ष येऊनच’ भरायचा असतो, बॅकलॉगचा पेपर असतो, सबमिशनवर सही राहिलेली असते. पुण्यात काम करणारा विद्यार्थी सहीसाठी नांदेडला जाऊन येतो तेव्हा कॉलेजच्या हिशेबात एक दिवस जातो, पण कामाचे तीन मोडतात. रिव्ह्यूच्या मधोमध तीन दिवस गेले की तोवर मुख्य ब्रँच पुढे सरकलेली असते, त्याचा बदल त्यावर बसत नाही आणि परत आल्यावर पहिला दिवस कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात जातो.

म्हणून विनंती : इंटर्नशिपच्या तारखा डिसेंबरपर्यंत जाहीर करा, सलग आठ आठवडे कॉलेजची कोणतीही प्रत्यक्ष हजेरी ठेवू नका, सह्या ईमेलवर घ्या. विद्यापीठाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, याची कल्पना आहे. ओरल आणि सबमिशन मात्र बरंचसं तुमच्या हातात असतं. आठ आठवडे शक्यच नसतील तर सहा चालतील, पण सलग हवेत. चार आठवड्यांत मशीन तयार होतं, टीममधल्यांची नावं पाठ होतात, आणि निरोपाची वेळ येते.

दुसरी अडचण लॅपटॉपची. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण विद्यार्थ्याला सांगायला संकोच वाटतो. अनेकांकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप असतो. त्यावर डॉकर (प्रॉडक्ट स्वतःच्या मशीनवर चालवण्याचं साधन), एडिटर आणि ब्राउझरचे पंधरा टॅब एकदम उघडले की रॅम अपुरी पडून मशीन डिस्कवर घासू लागतं आणि सगळं थिजतं. उपाय आहेत, फक्त ते आधी माहीत हवेत. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर डॉकर सुरूच होत नाही आणि एरर वाचून हे कारण चटकन लक्षात येत नाही, तेव्हा ते आधी चालू करून घ्यावं. विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, मोकळं सोडलं तर निम्मी रॅम खाऊ शकतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्याहून कमी मर्यादा घालता येते. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवला तर प्रत्येक फाइल दोन सिस्टिमच्या सीमेवरून ये-जा करते आणि अर्ध्या मिनिटाचं बिल्ड काही मिनिटं घेतं. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवावा. अँड्रॉइडचं काम असेल तर एम्युलेटरचा नाद सोडून स्वतःचा फोन यूएसबीने जोडावा. डिस्कवर ४० जीबी तरी मोकळे हवेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही जीबींच्या डॉकर इमेज उतरवण्यात दिवसाचा डेटा संपतो, म्हणून ही उतरवाउतरवी कॉलेजच्या लॅबमध्ये, निघण्याआधी व्हावी.

लॅबवरून आठवलं. अनेक कॉलेजांच्या नेटवर पोर्ट २२ बंद असतं, त्यामुळे एसएसएच या सुरक्षित जोडणीने गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, वापरता येत नाही. मुलांना वाटतं आपलीच ‘की’ (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) चुकली, मग ती पुन्हा पुन्हा नवी की बनवत बसतात. गिटहब ४४३ पोर्टवरूनही एसएसएच घेतं. तेवढी एक सेटिंगची सूचना लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवली तरी पुरे.

आणि आता गिट. सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अभ्यासक्रमात गिट कुठे ना कुठे असतं, पण ते ‘ॲड, कमिट, पुश’ एवढ्यावर थांबतं आणि तेही एकट्याने. टीममध्ये काम करताना लागतं ते याच्या पुढचं. दोन-दोन तासांची तीन प्रात्यक्षिकं मे महिन्याआधी घ्या. यासाठी वेगळी लायब्ररी, विकतचं सॉफ्टवेअर, पाहुणे वक्ते काहीही लागत नाही.

पहिल्या प्रात्यक्षिकात दोन विद्यार्थ्यांनी एका फाइलची तीच ओळ आपापल्या ब्रँचवर वेगळी बदलायची. पहिल्याचा बदल मर्ज होतो, दुसऱ्याला कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणती ओळ ठेवायची हे गिटला ठरवता येत नाही. इथे नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. कॉन्फ्लिक्टच्या खुणा बघून विद्यार्थी घाबरतो, आपलं फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करतो, रिपॉझिटरी (कोडचा सामाईक साठा) नव्याने क्लोन करतो, म्हणजे उतरवून घेतो, आणि जुन्या फाइली वरून पेस्ट करतो. कॉन्फ्लिक्ट गायब होतो, पण त्याबरोबर सहकाऱ्याने त्या फाइलींत केलेलं कामही गायब होतं. एरर कुठेच येत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला दुसऱ्याच्या ओळी लाल रंगात काढलेल्या दिसल्या तर ठीक, नाहीतर दुरुस्त झालेली चूक आठवड्याने परत येते. म्हणून त्या खुणांमधला वरचा भाग कुणाचा, खालचा कुणाचा, आणि दोन्ही वाचून तिसरंच काही लिहावं लागू शकतं, हे प्रत्येकाच्या हातून एकदा झालं पाहिजे.

दुसऱ्या प्रात्यक्षिकात तीन सापळे मुद्दाम लावायचे. एक, ओळीच्या शेवटची चिन्हं : विंडोजवर ओळ संपताना दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्सवर एक. एडिटरने ती सगळीकडे बदलली की दोन ओळींचा बदल सहाशे ओळींचा दिसतो आणि कुणी तो वाचत नाही. रिपॉझिटरीतल्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एक ओळ घातली की हे थांबतं. दोन, फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर : विंडोज ‘हेडर’मधल्या लहान-मोठ्या एचमध्ये फरक करत नाही, लिनक्स करतं. त्यामुळे लॅपटॉपवर चालणारं बिल्ड सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) पडतं आणि ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य जन्माला येतं. तीन, सगळ्यात गंभीर, कमिटमध्ये गेलेली गुप्त की. क्लाउडची की किंवा डेटाबेसचा पासवर्ड चुकून पुश झाला की विद्यार्थी पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसतो आणि गप्प बसतो. इतिहासात ती तशीच राहते, कुणीही मागे जाऊन वाचू शकतं. योग्य क्रम असा : आधी की रद्द करायची, त्याच मिनिटाला मेंटॉरला सांगायचं, इतिहासाची साफसफाई नंतर. चूक कुणाच्याही हातून होते. लपवल्याने नुकसान वाढतं. वर्गात ‘चुकलं’ म्हणणाऱ्याचे गुण कापले जात असतील तर ऑफिसात तो बोलणार नाही, एवढं मनावर घ्या.

तिसऱ्यात एकमेकांचा कोड वाचायचा. दोनशे ओळींच्या आतला बदल, त्यावर किमान तीन शेरे, आणि प्रत्येक शेऱ्याला उत्तर : मान्य असेल तर बदल, नसेल तर कारण. इंटर्नला रिव्ह्यूत वीस शेरे आले की तो खचतो. त्याला वाटतं आपण नापास झालो. ज्यांनी कॉलेजात एकदा शेरे दिले-घेतले आहेत, त्यांना शेरे म्हणजे निकाल नव्हे, कामाबद्दलचं बोलणं आहे हे कळतं.

प्रश्न विचारण्याचं वेगळं सांगायला हवं. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिले दोन आठवडे स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) ‘काम चालू आहे’ एवढंच म्हणतात. इंग्रजी चुकेल ही भीती आणि ‘सर बिझी होते’ हा संकोच. दोन दिवस एकाच एररवर जातात. आम्ही इंटर्नला एक नियम देतो : अर्धा तास स्वतः झगडायचं, मग लिहून विचारायचं. लिहिताना पाच गोष्टी : काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररचा पूर्ण मजकूर, आणि आतापर्यंत काय करून पाहिलं. पूर्ण मजकूर म्हणजे मजकूर. मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो चालत नाही, कारण नेमकी कामाची ओळ त्यात कापलेली असते. पायथनमध्ये ती बहुधा सगळ्यात खालची असते, जावामध्ये शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पाशी. तोंडी मराठीत बोललेलं आमच्याकडे सगळ्यांना चालतं. टिकेटवर मात्र इंग्रजीत पाच ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या पाच ओळी लॅबच्या प्रत्येक जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’ या कोरड्या परिच्छेदाऐवजी लिहून घेता येतील.

आमच्या बाजूच्या चुकाही लपवत नाही. इंटर्न येणार हे माहीत असून त्याच्यासाठी काम शोधलेलं नसतं. मग ‘जरा हे फ्रेमवर्क बघून ठेव’ म्हणून दोन आठवडे जातात. मेंटॉर रिलीजमध्ये गुंतलेला असतो आणि रिव्ह्यू पाच दिवस पडून राहतो. एका मेंटॉरच्या गळ्यात सहा इंटर्न बांधले जातात. याला चाप लावायचं साधन तुमच्याकडे आहे आणि ते म्हणजे एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र). एनओसी देण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी मागा. मेंटॉरचं नाव आणि तो रोज देणार असलेला अर्धा तास. एका मेंटॉरमागे जास्तीत जास्त दोन इंटर्न. सुरुवातीच्या पाच टिकेटांची यादी, प्रत्येकी दोन ओळींत. आणि कामाच्या एका दिवसात रिव्ह्यू मिळेल याची हमी. जी टीम हे लिहून देऊ शकत नाही, तिथे विद्यार्थ्याचा उन्हाळा कोरडाच जाणार. पहिला बदल, भले तो एखाद्या बटणावरचं चुकीचं स्पेलिंग का असेना, पहिल्या आठवड्याच्या शेवटी मर्ज व्हायला हवा. त्याने मशीन, परवानग्या, टेस्ट, रिव्ह्यू ही सगळी वाट एकदा चालून होते. पुढचे बदल तीच वाट धरून जातात.

हे नवीन काही नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. तिथे संस्था कामांच्या कल्पना आधी जाहीर करतात, अर्जदार आपला प्रस्ताव लिहितो, प्रत्येक कामाला मेंटॉर असतो आणि मोबदला मूल्यमापनात पास झाल्यावरच मिळतो. २०२२ पासून ते विद्यार्थ्यांपुरतं मर्यादितही राहिलेलं नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प उन्हाळी फेलोशिपसाठी निवड करताना आधी एक काम करून मागतो. कंपनीत जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याने एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात दोन बदल मर्ज करून आणले, तर ते इंटर्नशिप म्हणून धरा. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, तुमचे गाइड प्रत्येक शेरा उघड वाचू शकतात.

याउलट जे बंद व्हायला हवं ते विद्यार्थ्याकडून पैसे घेऊन दिली जाणारी ‘इंटर्नशिप’. ती ओळखायला अवघड नाही. मुलाखत किंवा कामाचा नमुना न मागता ऑफर लेटर येतं. शंभर जणांना तोच चॅटबॉट किंवा घरांच्या किमतींचा अंदाज वर्तवणारा तोच प्रोजेक्ट मिळतो. मेंटॉरचं नाव कुठेच नसतं. ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘सर्टिफिकेट शुल्क’ क्यूआर कोडवर मागतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून कंपनी नोंदलेली आहे का हे पाच मिनिटांत बघता येतं. पण कंपनी नोंदलेली असली म्हणजे इंटर्नशिप खरी, असंही नाही. खरी कसोटी तीच, मर्ज झालेला बदल. तो मागितला की हा धंदा आपोआप आटतो, कारण त्यांच्याकडे मर्ज करायला प्रॉडक्टच नसतं. कॉलेजने अशा ठिकाणाशी करार करून अख्खा वर्ग पाठवणं तर थांबवाच. त्यातला एखादा पालक हे पैसे उसने आणून भरतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दल मुलं सारखं विचारतात. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती; सध्याची पात्रता बघून नोटीस बोर्डावर स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांचे अर्जाचे दिवस वाचतील. आणि सुट्टीत हॉस्टेल बंद करू नका. आठ आठवड्यांसाठी पुण्यात खोली घ्यायची तर अनामत, मेस आणि बसचा पास मिळून तुटपुंजा स्टायपेंड तिथेच संपतो, आणि मुलींच्या घरून तर ‘राहणार कुठे’ या प्रश्नावरच नकार येतो. शहरातल्या कॉलेजांनी आपली रिकामी हॉस्टेलं बाहेरगावच्या इंटर्नना रास्त भाड्याने दिली, तर किती तरी जणींचा उन्हाळा वाचेल.

आता गुण कसे द्यायचे ते. शंभरपैकी पन्नास गुण मर्ज झालेल्या बदलाच्या व्हायव्हाला, वीस रिव्ह्यूतल्या शेऱ्यांना दिलेल्या उत्तरांना, पंधरा मेंटॉरच्या अभिप्रायाला आणि पंधरा साप्ताहिक नोंदीला. रोजच्या डायरीची गरज नाही. ती शेवटच्या रात्री चार रंगांच्या पेनांनी लिहिली जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दर शुक्रवारी पाच ओळींचा ईमेल गाइडला गेला की पुरे. तारीख आपोआप पडते.

व्हायव्हा वीस मिनिटांची, पीपीटीशिवाय, लॅपटॉप समोर उघडून. तीन मिनिटं विद्यार्थ्याने सांगायचं की काय चुकत होतं आणि का. मग परीक्षकाने बदलातल्या कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारायचं, ‘ही काढली तर कोणती टेस्ट पडेल?’ विद्यार्थ्याने आधी उत्तर द्यायचं, मग ओळ काढून टेस्ट चालवून दाखवायची. उत्तर चुकलं तरी चालेल, पण का चुकलं हे तिथल्या तिथे शोधता आलं पाहिजे. त्यानंतर एक छोटा फेरफार : पावतीच्या उदाहरणात ‘आता दिवसाऐवजी महिन्याचा अहवाल हवा’. परीक्षकाला ते तंत्रज्ञान माहीत नसलं तरी हे प्रश्न विचारता येतात, हाच या पद्धतीचा मोठा फायदा.

चॅटजीपीटी किंवा कोपायलटने कोड लिहिला असेल तर? ऑफिसात ही साधनं वापरली जातात, ती अडवून उपयोग नाही. पण ओळीवर बोट ठेवल्यावर ज्याला सांगता येत नाही त्याचं ते काम नाही, मग ते यंत्राने लिहिलेलं असो की मित्राने. एक खबरदारी मात्र तुम्ही आधीच द्या : कंपनीचा कोड किंवा ग्राहकांचा डेटा परवानगीशिवाय अशा बाहेरच्या साधनात पेस्ट करायचा नाही. हे न सांगितल्याने मुलं अजाणतेपणी करारभंग करतात.

‘कंपनीचा कोड गुप्त असतो, तो दाखवायचा कसा?’ ही अडचण खरी आहे. तिथे मेंटॉरने एक पानाचा सारांश सही करून द्यावा : अडचण काय, कारण काय, कोणते पर्याय सोडले आणि का, कोणत्या टेस्ट लिहिल्या, बदल कोणत्या तारखेला मर्ज झाला. त्यात कोड नको, ग्राहकाचं नाव नको. आणि विद्यार्थ्याने तीच चूक घरी पन्नासेक ओळींत नव्याने उभी करावी. पावतीच्या चुकीला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि पाच नोंदींचं एक टेबल पुरतं. व्हायव्हा त्या नमुन्यावर घ्या. चूक पुन्हा उभी करता येणं ही ती समजल्याची पक्की खूण आहे.

एखाद्या विद्यार्थ्याचा बदल आठ आठवड्यांत मर्ज झालाच नाही तर त्याला नापास करू नका. रिलीज थांबतं, प्राधान्य बदलतं, मेंटॉर नोकरी सोडतो. रिव्ह्यूत अडकलेला बदल आणि तो का अडकला याची नोंद असेल तर तीच वीस मिनिटांची व्हायव्हा तिच्यावर घेता येते. मात्र असं कारण मेंटॉरकडून लेखी घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्या टीमला एनओसी द्यायची की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.

हे सगळं एकदम नको. यंदा एका विभागाच्या एका तुकडीपासून सुरू करा. फॉर्ममध्ये ‘मर्ज झालेला बदल, तारीख आणि तीन ओळींत वर्णन’ एवढा एक रकाना वाढवा आणि गिटची तीन प्रात्यक्षिकं मार्चमध्ये लावा. प्रात्यक्षिकांचे कागद, सापळे लावलेली नमुना रिपॉझिटरी आणि सारांशाच्या पानाचा मसुदा आम्ही तयार करून देऊ. लॅब असिस्टंटना एक दिवस येऊन दाखवायलाही तयार आहोत, शनिवार असेल तर उत्तम.

आपले,
पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर इथल्या सॉफ्टवेअर टीममधले काही इंटर्नशिप मेंटॉर